सहा बाया आणि शिडाची होडी: धान चुरून झाल्यावर समुद्रावर जायचा बेत आहे, सल्ला द्या

तलावकाठ (अर्जुनी मोरगाव)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण विचारणं नीट समजावं म्हणून सगळं सांगते.

मी ढिवराची, म्हणजे मासेमाराची लेक. आमच्या गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी बांधलेला, पाळीवर म्हणजे बांधावर मोहाची झाडं. बाबा डोंगा चालवायचे आणि मीही नवव्या-दहाव्या वर्षापासून बांबूनं डोंगा रेटते. आता आमचा बचत गट मच्छीमार सोसायटीसोबत याच तलावात काम करतो. बेशरमची झुडपं उपटतो, बोटुकली म्हणजे माशांची बोटभर पिल्लं सोडतो, जाळी शिवतो. पाण्याची भीती आम्हाला नाही. पण आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नाही.

गेल्या माघातली गोष्ट. मी आणि माझी जाऊ सकाळी जाळं काढून परत येत होतो. वारा पाठीशी होता. धान झाकायची निळी ताडपत्री डोंग्यात पडली होती. जावेनं सहज तिची दोन टोकं वर धरली, खालची दोन मी पायाखाली दाबली. ताडपत्री एकदम फुगली आणि डोंगा आपोआप निघाला. बांबू आडवा पडला होता. इंजिन नाही, रेटा नाही, फक्त डोंग्याच्या तोंडाशी पाणी फुटल्याचा बारीक आवाज. पाळीपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. उतरल्यावर जाऊ म्हणाली, "खऱ्या शिडात बसून कसं वाटत असन वं?"

तेव्हापासून गटात हाच विषय आहे. सहा जणींनी दर महिन्याला बाजूला ठेवून प्रत्येकी नऊ हजार जमवले आहेत. धान चुरून, विकून मोकळं व्हायला डिसेंबर अर्धा जातो. जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाची रोवणी लागते. मधल्या काळात नऊ-दहा दिवस निघतील, त्यात जाणं-येणं धरून.

आम्हाला वेगाची बोट नको. पाण्यावरून ओढत नेणारी ट्यूब नको, पॅराशूट नको. छोटी शिडाची होडी पाहिजे, शांतपणे, घाई न करता. जमलं तर शीड स्वतः धरून पाहायचं आहे. अशी होडी खरंच मिळते का, आणि कुठं? कोकणात मिळते की गोव्यात जावं लागेल? नवख्या माणसानं किती लांब जावं? आमच्यातल्या तिघींना पोहता येतं. एकीला बीपीची गोळी चालू आहे, आणि माझ्या सासूबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना एसटीतही गाडी लागते. तरी त्या येणारच म्हणतात.

ज्यांनी हे केलं आहे त्यांनीच सांगा.


संत्र्याचा मळा (वरूड)

ताई, तुमची ताडपत्री वाचल्यावर राहवलं नाही. मी पंधरा वर्षं नौदलात खलाशी होतो, आता वरूडला संत्र्याचा बगीचा सांभाळतो. अठराव्या वर्षापर्यंत समुद्र मीही पाहिला नव्हता. आमचं प्रशिक्षण ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठावर, नौदलाच्या आयएनएस चिल्का या केंद्रावर झालं. तिथं व्हेलर नावाची लांब होडी असते, वल्ह्यांनीही चालते आणि शिडानंही. शिडाची दोरी पहिल्यांदा माझ्या हातात आली ती त्या सरोवरात. त्यामुळे आपण तलावावरच्या बाया, समुद्राचं आपल्याला काय कळणार, असं मनात आणू नका. होडीत तोल कसा सांभाळायचा, उभं केव्हा राहायचं, वजन कोणत्या बाजूला टाकायचं, हे तुमच्या पायांना माहीत आहे. शहरातल्या माणसाला पहिले दोन दिवस तेच शिकवावं लागतं.

आता शिडाचं. जावेनं ताडपत्री धरली ते शिडाचं अर्धं काम झालं, वाऱ्यानं मागून ढकलणं. उरलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे. खरं शीड सपाट नसतं, ते पोट काढून शिवलेलं असतं. वारा बाजूनं आला की तो त्या पोटावरून वळून जातो आणि होडीला ओढतो. होडीच्या बुडाखाली एक उभी फळी पाण्यात सोडलेली असते, ती होडीला आडवं घसरू देत नाही. मग घसरण अडली की उरतं ते पुढं जाणं. म्हणून शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावरही जाते, फक्त नाकासमोर सरळ जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून तिरपं जावं लागतं. भरलेली बंडी पाळीवर सरळ चढत नाही म्हणून आपण ती तिरपी काढतो, मग वळवून दुसरीकडं तिरपी, तसंच. यात अंतर वाढतं आणि वेळ तर फारच वाढतो. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. समुद्रावरचा निवांतपणा तुम्ही किती किलोमीटर जाता यावर नसतो, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूला जाता यावर असतो.

शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं, किनाऱ्यावर त्यावर दिवस चालतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तो मंद असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पाणी आरशासारखं होतं. मग जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दोन ते चारच्या दरम्यान तो सगळ्यांत जोरात असतो, सूर्य कलला की उतरतो. डिसेंबर-जानेवारीत हे घड्याळ बऱ्यापैकी भरवशाचं असतं. तुमच्यासाठी दोनच वेळा चांगल्या, सकाळी साडेसात ते साडेदहा किंवा संध्याकाळी चारनंतर सूर्यास्ताआधीपर्यंत. मधला वेळ जेवायला आणि झोपायला ठेवा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नौदल सोडल्यावर चौथ्या वर्षी मी बायको, बहीण आणि तिची दोन पोरं घेऊन गोव्याला गेलो होतो. मला सगळं येतं या भरवशावर जेवण करून दीड वाजता होडी काढली. होडीवाल्यानं चारनंतर जा म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. वारा पाठीशी घेऊन खाडीत आत निघालो. पाठीवरचा वारा जाणवतच नाही, कारण आपणही त्याच्याच सोबत चाललेलो असतो. सगळे खूश, बहीण हात पाण्यात सोडून बसली होती. पंचवीस मिनिटांनी होडी वळवली आणि तोच वारा तोंडावर आला. तेव्हा कळलं तो केवढा होता. प्रत्येक लाट नाळेवर, म्हणजे होडीच्या तोंडावर फुटून अंगावर येत होती. धाकटा भाचा ओकायला लागला. बहिणीनं होडीचा काठ धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. पंचवीस मिनिटांचा रस्ता परत यायला दोन तासांवर वेळ लागला. उतरल्यावर ती ओल्या वाळूवर चपला हातात घेऊन बसून राहिली. मला काही बोलली नाही. पण आजपर्यंत ती पुन्हा होडीत बसलेली नाही. समुद्र त्या दिवशी खवळलेला नव्हता हो, रोजचाच होता. वेळ मी चुकीची धरली.

म्हणून नियम असा करा की निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. तेव्हा सगळे ताजे असतात, दमले तरी चालतं. परत येताना वारा पाठीशी असला की थकलेल्या माणसालाही घर मिळतं. छोटी होडी मंद वाऱ्यात तीन-चार नॉटनं चालते, म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटर, सायकलपेक्षा हळू. दोन तासांच्या फेरीत किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या पुढं जायचा विचार करू नका. सकाळी आणखी एक सांभाळायचं. मतलई वारा समुद्राकडे ढकलतो आणि किनाऱ्याच्या आडोशाला पाणी एकदम सपाट दिसतं, त्या सपाट पाण्याला भुलून नवखे पुढं पुढं जातात. खाडीत किंवा नदीच्या तोंडाच्या आत राहिलात तर ही काळजी नाही.

कुठं मिळेल? खरी शिडाची होडी, सोबत शिकवणारा माणूस आणि मागं मदतीची इंजिन बोट, हे तिन्ही एकत्र मुंबई-मांडवा बाजूला किंवा गोव्यात मिळतं. गोव्यात दोना पावलाच्या बाजूला, जिथं झुआरी आणि मांडवी दोन्ही नद्यांची तोंडं जवळजवळ आहेत, तिथं पाणी नवख्यांसाठी चांगलं आहे. मालवणकडे पाणी सुंदर आहे, पण होड्या बहुतेक इंजिनाच्या. मी तुमच्या जागी असतो तर दोन दिवस गोव्यात शीड धरलं असतं आणि मग तीन दिवस मालवण-देवबागला नुसतं पाण्यावर राहिलो असतो. नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोनदा गाडी जाते, ती मालवणसाठी कुडाळलाही थांबते. एक दिवस आणि एक रात्र धरा. ती विशेष गाडी म्हणून चालते, तेव्हा तिकिटाआधी चालू आहे का ते पाहून घ्या.

लुगडं किंवा साडी नेसून होडीत बसू नका. शिडाच्या दोऱ्या कप्प्यांतून सरसर फिरतात, पदर त्यात गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. सुती सलवार-कुर्ता, लांब बाह्या, डोक्याला बांधलेला दुपट्टा. ऊन वरून तर लागतंच, पाण्यावरून उलटून हनुवटीखालीही लागतं. आणि शिडाच्या खालची जी आडवी काठी असते तिच्यावर सगळ्यांत जास्त लक्ष ठेवा. वारा मागून असताना ती एका बाजूहून दुसऱ्या बाजूला फटकन येते. शिकवणारा "खाली" म्हणाला की विचारत बसायचं नाही, मान खाली.

तुम्ही सहा जणी आहात, म्हणून एक सांगतो. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी नावाच्या शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. १० सप्टेंबरला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला गोव्यालाच परत आल्या. होडीही गोव्यातच बांधलेली. त्याही सहाच होत्या.


पुसदकर

आम्ही मागच्या वर्षी मित्रमंडळी तारकर्लीला गेलो होतो. एका दिवसाच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन, किल्ला, स्नॉर्कलिंग, बनाना राइड सगळं बसवून दिलं होतं. पैसे वसूल झाले म्हणायचे, पण खरं सांगतो, प्रत्येक ठिकाणी "चला, चला" ऐकण्यापलीकडं काही आठवत नाही. डॉल्फिन दिसला तेव्हा आठ-दहा बोटी इंजिन वाढवून त्याच्यामागं लागल्या, तो बुडाला तो वर आलाच नाही. ताईंना शांत पाहिजे असेल तर असं पॅकेज घेऊ नये एवढंच सांगायला लिहिलं.


खाडीकाठची (देवबाग, मालवण)

ताई, मी देवबागची. आमचं गाव म्हणजे एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. घरातून मागच्या दारानं निघालं तर नदी, पुढच्या दारानं दर्या. वरूडच्या दादांनी वाऱ्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते, कारण आमच्याकडे वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी पाहावी लागते.

तुम्ही तिथी पाळत असाल, तर भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सकाळी एक आणि संध्याकाळी तेवढ्याच सुमाराला दुसरी, थोडी उशिरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण बेत आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितक्याच ओढीनं उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी. नवख्यांनी भांगाजवळचे दिवस धरावेत.

तुमच्यासाठी मी दशमी ते द्वादशी सुचवीन. सकाळी साडेसहा-सातला निघालात तर पाणी अजून चढत असतं, ते तुम्हाला कर्लीत आत नेतं. मतलई तोंडावर असतो पण हलका. दोन्ही काठांना माड, पुढं कांदळवन, मधे कुठं कुठं जाळी लावलेली. आठ-नऊला पाणी थांबतं. तिथं होडी बांधून न्याहारी करा. मग पाणी उतरायला लागतं, वाराही त्याच दिशेचा, काही न करता होडी परत घरी येते. वल्हं फक्त दिशेला.

संगमाकडे, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथं, ओहोटीच्या वेळी जाऊ नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट एकमेकांवर आपटतात, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. पाहायला फार छान दिसतं, पण ते काठावरूनच पाहा. त्सुनामी बेट म्हणतात तो वाळूचा दांडा तिथंच आहे.

होडीचं नीट ऐका. मासेमारीची होडी आणि पर्यटकांची होडी यांची नोंद वेगळी असते. पर्यटक न्यायला मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो. कुणी स्वस्तात मासेमारीच्या होडीतून नेतो म्हणाला तर नको म्हणा, भला माणूस असला तरी. प्रत्येकीला जॅकेट मिळालं पाहिजे आणि त्याचे सगळे बकल चालू असले पाहिजेत. मुंबईकडे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, आमच्याकडे त्यापेक्षा कमी, पण पाणी ते पाणी.

डिसेंबर-जानेवारी आमच्याकडे सगळ्यांत चांगले महिने. पाणी कोमट असतं, साधारण २७ अंश, अंघोळीला उतरलात तरी हुडहुडी भरत नाही. तरी निघायच्या आधी दोन दिवस अंदाज बघत चला. हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांसाठी लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा केरळच्या होड्या आसऱ्याला आमच्या देवगड बंदरात आल्या होत्या. तेव्हा डिसेंबर आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.


तलावकाठ (अर्जुनी मोरगाव)

काल गटाची बैठक होती, दोघांचंही लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. वरूडच्या भाऊंच्या बहिणीचं ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग तिथीचा हिशेब आला आणि लगेच कॅलेंडर काढलं. आमच्या इथं रोवणीचा दिवस, देवाचा दिवस, सगळं तिथीवर चालतं, पण चंद्रावर पाणी चढतं-उतरतं आणि त्याची पाऊणपट करता येते, हे कोणालाच माहीत नव्हतं. तलावाला भरती नाही ना. सासूबाईंनी बोटं मोजून तेरसपर्यंतची वेळ काढून दाखवली.

आता पुढचे प्रश्न. एकादशीला आमच्यातल्या चौघींचा उपास असतो. उपाशी पोटी होडीत बसलं तर चालेल का? सासूबाईंना गाडी लागते त्याला काय करायचं? त्यांना काठावर बसवून ठेवायचं माझ्या मनात नाही. आणि खरं सांगते, त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "होडी उलटली तं?" तलावात उलटली तर बुड धरून राहायचं हे आम्हाला माहीत आहे. समुद्रात काय?


संत्र्याचा मळा (वरूड)

तेच करायचं, ताई. बुड धरून राहायचं, होडी सोडायची नाही. माणूस एकटा दिसत नाही, होडी दिसते. शिकवायच्या छोट्या होड्यांत हवेच्या पेट्या असतात, त्या बुडत नाहीत. उलट शिकवणारे पहिल्याच दिवशी कमरेभर पाण्यात मुद्दाम उलटवून दाखवतात आणि परत सरळ करायला लावतात. बुडाखालच्या त्या फळीवर उभं राहून मागं झुकलं की ती उठते. तुम्ही त्यांना आधीच सांगा की आम्हाला सगळ्यांत आधी हेच करायचं आहे. सासूबाईंनी काठावरून तुम्हाला उलटून परत बसताना दोनदा पाहिलं की त्यांचा प्रश्न सुटतो. माझ्या शब्दांनी सुटणार नाही. आणि तुम्ही डोंग्यात जॅकेट घालत नसाल, माहीत आहे मला. इथं पोहणाऱ्या तिघींनीही घालायचं, होडीत पाय ठेवण्याआधी घालायचं आणि परत वाळूवर आल्यावरच काढायचं.

गाडी लागण्याचं. रिकामं पोट आणि भरलेलं पोट दोन्ही वाईट. दोन तास आधी थोडं खाऊन घ्यावं. फुटाणे, मुरमुरे, केळ चालतं, तेलकट आणि फार गोड नको. आल्याचा तुकडा तोंडात ठेवावा. होडीच्या मधोमध बसवा, टोकाला नको, टोक जास्त वरखाली होतं. नजर लांब, जिथं पाणी आणि आभाळ मिळतं तिथं. खाली वाकून पिशवीत काही शोधायला किंवा मोबाईल बघायला लागलं की हमखास ओकारी येते. मळमळणाऱ्या माणसाच्या हातात सुकाणू दिलं तर बहुतेक वेळा बरं वाटतं, कारण मग नजर आपोआप लांब राहते. नौदलात आम्ही नव्या पोरांना असंच उभं करायचो. मळमळीची गोळी मिळते, पण ती निघायच्या आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. सासूबाईंचं वय आहे आणि दुसऱ्या ताईंना बीपी आहे, म्हणून गोळीचं तुमच्या डॉक्टरांना गावातूनच विचारून जा, तिथं जाऊन दुकानातून घेऊ नका. पाणी माणशी तीन लिटर धरा. समुद्रावर वारा गार लागतो, घाम कळत नाही, आणि डोकं दुखायला लागेपर्यंत तहान लागल्याचं समजत नाही.

एकादशीला होडीची लांब फेरी नको. तो दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याचा ठेवा.


खाडीकाठची (देवबाग, मालवण)

दादांचं बरोबर आहे. एकादशीला सिंधुदुर्ग किल्ला करा. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात, दहा-पंधरा मिनिटांत पोचतात. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला. दरवाजा असा वळणात लपवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तट सलग वाटतो. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आणि तुम्ही तलावाच्या बाया म्हणून मुद्दाम सांगते, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी बघा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. काठावर वाकून ओंजळभर पिऊन बघावंसं वाटतं.

उपासाला आमच्याकडे शहाळं मिळतं, रताळी मिळतात. द्वादशीला मात्र माझ्याकडे जेवा. भाकरी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं आणि सोलकढी. गोड्या पाण्यातली मासळी तुम्ही आयुष्यभर खाल्लीत, आता खाऱ्यातली खाऊन सांगा.


तलावकाठ (अर्जुनी मोरगाव)

बेत पक्का झाला, सांगते. पौषातल्या शुद्ध पक्षात निघतो. सप्तमी-अष्टमीला गोव्यात, सकाळची वेळ, पहिल्या दिवशी फक्त होडी उलटवणं, सरळ करणं आणि खाडीतल्या दोन लहान फेऱ्या. दुसऱ्या दिवशी शीड. नवमीला गाडीनं कुडाळ, तिथून देवबाग. दशमीला कर्लीत आत आणि परत. एकादशीला किल्ला. द्वादशीला सकाळी पुन्हा कर्ली, मग ताईंकडे भाकरी आणि तिसऱ्या. तिकडं आम्ही लाखोरीची डाळ आणि यंदाचं तांदूळ घेऊन येतो, पाहुण्याच्या हाती रिकामी पिशवी बरी दिसत नाही. त्याच रात्री किंवा तेरसला कुडाळहून परतीची गाडी. गाडीचे वार जुळले नाहीत तर सगळा बेत पुढच्या पक्षात सरकवायचा, तिथी मोडायच्या नाहीत, असं ठरलं.

जॅकेटचं सासूबाईंना पटवायला वेळ लागला. काल सोसायटीच्या कार्यालयातून एक जुनं जॅकेट आणलं, त्यांना घालून डोंग्यात बसवलं आणि पाळीपासून मोहाच्या झाडापर्यंत नेऊन आणलं. मधोमध बसल्या, नजर लांब ठेवली. परत येताना वारा पाठीशी होता. त्यांनीच विचारलं, "ताडपत्री कुठं ठेवली वं?"